रस्ता चार तास द्या

महाराष्ट्रातल्या लहान शहरांच्या सर्व नगराध्यक्षांस,



निवडून आल्यावर गावासाठी काय काय करायचं याची जी यादी तुमच्या खिशात असते, तिच्यात हल्ली मॅरेथॉन असतेच. पाणीपुरवठा, भुयारी गटार, नाट्यगृहाची दुरुस्ती आणि त्याखाली कुठेतरी ‘भव्य मॅरेथॉन’. वरच्या कामांना निविदा लागतात, मंजुऱ्या लागतात, वर्षं लागतात. मॅरेथॉन दोन महिन्यांत उभी राहते, तिच्यात तरुण दिसतात, आरोग्याचा संदेश जातो आणि ड्रोनमधून फोटो झकास येतो. तेव्हा ती भरवावी असं तुमच्या मनात आलं तर त्यात नवल नाही. ती तुम्ही भरवावीच असं माझंही म्हणणं आहे. मी पन्नाशी ओलांडलेली, नोकरी सांभाळून पहाटे धावणारी बाई. मुंबईची मोठी शर्यत मी धावले आहे. पण मन रमतं ते लहान शहरांच्या शर्यतींत. सगळ्यात जास्त चिडचीडही तिथेच झाली आहे. या दोन्हींच्या जोरावर तुम्हाला लिहिते आहे.

मागणं एकच आहे. शहरातला रस्ता चार तास आम्हाला द्या. खरोखरचा द्या, म्हणजे एका बाजूने रिक्षा आणि दुसऱ्या बाजूने आम्ही असा नको. स्टेजवर जो पैसा आणि जीव ओतला जातो तो रस्त्यावर ओता. एवढं झालं तर बाकीचं बरंच काही आपोआप जागेवर येतं, हे मी साताऱ्यात पाहिलं आहे.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. त्याच वर्षी पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि त्याच्याबरोबर कासचं पठारही गेलं. शर्यतीचा रस्ता त्या कासच्याच वाटेवरचा. पावसाळा उतरणीला लागला की ऑगस्ट-सप्टेंबरातल्या एका रविवारी पहाटे पोलीस परेड ग्राउंडवरून हजारो माणसं सुटतात, पोवई नाक्यावरून शहरातून समर्थ मंदिराकडे चढतात आणि तिथून पुढे यवतेश्वरचा घाट लागतो. एकूण २१ किलोमीटर ९७ मीटर. त्यातलं निम्मं अंतर चढाचं, आणि वळसा घालून त्याच रस्त्याने परत यायचं ते उताराचं. २०१५ साली एकाच डोंगरावर एका वेळी सर्वाधिक माणसं धावल्याचा विक्रम म्हणून या शर्यतीचं नाव गिनेस बुकात गेलं. तुमच्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांसमोर नेमका हा विक्रमच असणार, हे मी समजू शकते. पण ज्यांनी ही शर्यत धावली आहे त्यांना विचारून बघा, विक्रमाबद्दल कुणी बोलत नाही. बोलतात ते घाटाबद्दल आणि सातारकरांबद्दल.

घाट सुरू होईपर्यंत सगळे गप्पा मारत असतात. मुंबई-पुण्याचे ग्रुप एकसारखे टी-शर्ट घालून, घोषणा देत. पहिल्या दोन वळणांत आवाज बंद होतो आणि मग फक्त बुटांचा ओला आवाज आणि श्वास. वळणापलीकडे चढ संपेल असं वाटतं, तिथे पुढचं वळण दिसतं. धुकं असेल तर तेही दिसत नाही, आणि ते बरंच असतं. सपाटीवर मिजास मारणारे इथे चालायला लागतात आणि साधी चप्पल घालून आयुष्यभर हाच रस्ता तुडवलेली साताऱ्याची माणसं कठड्यावर बसून त्यांच्याकडे कुतूहलाने बघत असतात. मी एकदा अशीच चालत असताना एका आजोबांनी विचारलं, “पहिला नंबर आला तर किती मिळतात?” म्हटलं, माझा नाही येणार. “मग?” या ‘मग’ला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही, पण पुढचा किलोमीटर मी हसत चढले.

एकाच रस्त्याने जायचं आणि यायचं, याचा एक फायदा नकाशावर दिसत नाही. आम्ही मागचे अजून चढत असतो तेव्हा पुढचे वळसा घालून उतरत येतात. हरणासारखे येतात. त्यांना आमच्याकडे बघायला वेळ नसतो, तरी त्यातला एखादा पोरगा ओरडून जातो, “काकू, भारी! सोडू नका!” नंतर आम्ही उतरायला लागतो तेव्हा आमच्याही मागचे चढत असतात, मग आम्ही ओरडतो. मोठ्या शहरातल्या शर्यतीत पहिला कोण आला ते मला संध्याकाळी बातम्यांत कळतं. साताऱ्यात तो माझ्या हाताच्या अंतरावरून जातो. उतार मात्र सोपा नाही. चढ फुप्फुसाला छळतो, उतार मांड्यांना आणि गुडघ्यांना; दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागतो.

आणि सातारकर. उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या आज्या, टाळी द्यायला हात पुढे करून रांगेत उभी पोरं, हलगी, लेझीम, शाळेचं बँड पथक. संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ लावलेलं लिंबू घेऊन कुणीतरी टेबल मांडून उभं असतं. आणि प्रत्येक वळणावर तेच एक खोटं, अगदी मनापासून: “थोडंच राहिलंय!” सात किलोमीटर राहिले असले तरी थोडंच. या माणसांना कुणी पगार देऊन उभं केलेलं नसतं. शर्यत भरवणारे स्वतः धावणारे आहेत, वर्षभर त्याच घाटात दिसतात, म्हणून गाव त्यांना ओळखतं आणि त्यांच्या पाहुण्यांनाही. तुमच्याकडे हे पहिल्याच वर्षी होणार नाही. पण होऊ शकतं ते फक्त रस्ता मोकळा असेल तरच. हॉर्न वाजवणाऱ्या मोटारसायकलींच्या मधून धावणाऱ्या माणसाला टाळी द्यायला कुठली आई आपलं पोर रस्त्याकडेला उभं करील?

आता दुसरं एक शहर. नाव सांगत नाही, कारण अशी बरीच आहेत. सहाची वेळ, आम्ही साडेपाचला मैदानात. स्टेजवर निवेदक गाणी लावून आम्हाला नाचवत होता, ज्याला झुंबा म्हणतात. सहा वाजले. पाहुणे यायचे होते. साडेसहा वाजले. पाहुणे आले, त्यांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. नमनाला घडाभर तेल जाऊन सात वाजून गेले तेव्हा झेंडा पडला. फेब्रुवारीचं ऊन अंगावर येत होतं. मधल्या चौकात पोलीस दादा एका हाताने आम्हाला थांबवत होते आणि दुसऱ्या हाताने ट्रॅक्टर सोडत होते. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांना रस्ता बंद ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या दोन टेबलांवर पाणी नव्हतं, रिकामे जार होते. दहा किलोमीटरची शर्यत सगळ्यांच्या घड्याळात नऊ किलोमीटरच्याही आत संपली. निवेदक मात्र जाहीर करत होता की आपल्या शहराने आज इतिहास घडवला आहे. पदक चांगलं जड होतं, हे कबूल.

त्या नऊ किलोमीटरांचा राग अजून गेलेला नाही. बाहेरच्याला वाटेल, किलोमीटरभराने काय होतं? व्यायाम तर झाला! व्यायामाला आम्ही घरून बाहेर पडतोच. शर्यतीत येतो ते आपली वेळ मोजायला, आणि अंतर खोटं असेल तर वेळही खोटी. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावलं गेलं आणि पुढे तेच कायम झालं. जगात कुठेही धावा, तेवढंच. हाफ म्हणजे त्याचं निम्मं. अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा मुलगा. २०२० साली दिल्लीत त्याने हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावली आणि ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. तो विक्रम विक्रम म्हणून धरला गेला तो रस्ता मोजलेला होता म्हणून. तुमच्या शहरात उद्या एखादा आष्टीचा मुलगा आला आणि तुमचं अंतर कमी भरलं, तर त्याने केलेली कमाई कुठेच जमा होणार नाही.

रस्ता मोजायची पद्धत जगभर एकच आहे आणि ती ऐकून तुम्ही हसाल. सायकल. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती अनेकदा चालवून तिच्या चाकाचं माप ठरवतात, पुढच्या चाकाला बसवलेलं छोटं यंत्र चाकाचे फेरे मोजतं, आणि मग माणूस पूर्ण मार्ग सायकलवरून जातो. वळणावर आतल्या कडेपासून साधारण एक फुटावरून, म्हणजे धावणारा जास्तीत जास्त जवळून जाईल तिथून. त्यावर हजारात एक या हिशेबाने अंतर मुद्दाम वाढवतात, हाफला सुमारे २१ मीटर, म्हणजे चूक झालीच तर रस्ता लांब भरेल, आखूड नाही. घड्याळातला जीपीएस घाटात आणि उंच इमारतींमध्ये गोंधळतो, कार्यकर्त्याच्या गाडीचं मीटर तर विचारायलाच नको. हे प्रशिक्षण घेतलेली माणसं देशात आहेत. त्यांना एकदा बोलावून जो खर्च येईल तो स्टेजवरच्या एका एलईडी पडद्याच्या भाड्याशी ताडून बघा. एकदा मोजून घेतलेला मार्ग, रस्ता बदलला नाही तर, काही वर्षं चालतो, पडदा दुपारी उतरतो.

रस्ता बंद करायचा म्हणजे काय, तर गावाची माफी आधी मागायची. रविवारी पहाटेही गाव झोपलेलं नसतं. दूधवाले असतात, पेपरची पोरं असतात, भाजीच्या गाड्या असतात, एसटी स्टँडवर पहाटेच्या गाड्या लागलेल्या असतात, कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाला डायलिसिसला जायचं असतं. त्यांना चार दिवस आधी घरोघर एक कागद पोहोचवा: कुठला रस्ता किती ते किती बंद, पर्यायी रस्ता कुठला, दवाखान्यात जायचं असेल तर कुठल्या चौकातून सोडतील. त्याच कागदावर एक ओळ टाका की अमुक वाजता धावक तुमच्या दारावरून जातील. चिडलेला माणूस आणि टाळ्या वाजवणारा माणूस हे बहुतेक वेळा एकाच घरात राहतात. कागद आला की नाही एवढ्यावर कोण बाहेर येतो ते ठरतं. आठवडी बाजाराचा वार सोडा, दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस सोडा, पालखी-जत्रेचा मार्ग असेल तर तोही सोडा. हे तुम्हाला मी सांगायला नको, गाव तुमचं आहे. पण मी अशीही शर्यत धावले आहे जिच्या शेवटच्या टप्प्यात आम्ही भाजीच्या पाट्यांमधून वाट काढत होतो आणि एक मावशी वैतागून म्हणत होत्या, “पळायला हाच रस्ता घावला का?” मावशींचं बरोबर होतं.

आता तुमच्याच पोरांबद्दल. तुमच्या शहराबाहेरच्या रस्त्यावर, बायपासला, एमआयडीसीच्या आतल्या रिकाम्या सडकेवर रोज पहाटे चारला कोण धावतं ते एकदा जाऊन बघा. भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. मुलाने ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत १६०० मीटर काढलं तर वीसपैकी वीस गुण. मॅरेथॉनच्या रनरला आपली वेळ कमी करण्याची हौस असते, या पोरांची तर नोकरीच सेकंदावर ठरते. माझ्यासारख्या दहा जणींना ती उलट्या पायांनी हरवतील. पण शर्यतीच्या सकाळी ती कुठे असतात? बॅरिकेडच्या बाहेर, नाहीतर व्हॉलंटियरचा टी-शर्ट घालून केळी वाटत. हजाराच्या आगेमागे असलेली फी भरणं त्यांना परवडत नाही आणि ती माफ करावी हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने फी भरावी, तो भरतो, हॉटेलला भरतो, जेवतो, पेढे नेतो, गावाला चार पैसे मिळतात. त्या पैशातून नगरपालिका हद्दीतल्या आणि तालुक्यातल्या पोरापोरींना फुकट बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, द्या. त्यांच्यासाठी वेगळं बक्षीस ठेवा, आणि ते पुठ्ठ्याच्या मोठ्या धनादेशाऐवजी त्याच दिवशी खात्यात जाणारं ठेवा. बक्षिसाच्या आशेवर तालुक्याच्या गावाहून रात्रीच्या एसटीने आलेल्या मुलाला ‘पैसे येतील’ असं सांगून परत पाठवणं फार वाईट दिसतं.

साताऱ्याच्या घाटात धावताना मला माणदेश हटकून आठवतो. त्याच जिल्ह्याचा दुसरा, कोरडा भाग. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, पुढे स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी तिने गाठली. त्या फेरीत ती दहावी आली. त्याआधीच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय बाई. अशी मुलगी तुमच्या तालुक्यात आज आठवीत असेल. ती तुमच्या शर्यतीत धावेल की शर्यतीला रांगोळी काढेल, हे तुमच्या हातात आहे.

बायकांवरून सुचलं ते सांगून टाकते. महिला दिनाला साडी-रन भरवायची टूम आहे, दोन किलोमीटर, नऊवारी, नथ, सेल्फी. हौस म्हणून ठीक आहे, माझ्या बहिणीने केली आहे आणि तिला मजा आली. पण तेवढ्यावर ‘महिलांचा उत्स्फूर्त सहभाग’ असं छापू नका. जिला दहा किंवा एकवीस किलोमीटर धावायचं आहे तिच्या अडचणी वेगळ्या आहेत. मार्गावर बायकांसाठी स्वच्छतागृह पाहिजे, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं, आणि सुरुवातीच्या मैदानात एकदोन नाही, भरपूर. पहाटेच्या अंधारात मैदानापर्यंत यायला उजेड पाहिजे. बक्षिसाची रक्कम पुरुषांइतकीच पाहिजे. एवढंच. यात भाषणाला काही जागा नाही म्हणून बहुधा हे राहून जातं.

एका विषयावर मात्र जरा थांबून बोलावं लागेल. शर्यतीत माणसं मरतात. क्वचित मरतात, पण मरतात, आणि लहान शहरात मेली तर गाव पुढची दहा वर्षं शर्यतीचं नाव घेत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००० ते २०१० या काळातल्या फुल आणि हाफ मॅरेथॉन तपासल्या. १ कोटी ९ लाख धावकांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं आणि त्यातले ४२ गेले. म्हणजे हृदय बंद पडलं ते साधारण १ लाख ८४ हजारांत एकाचं. प्रमाण अगदी थोडं आहे, म्हणून लोकांना घाबरवू नका. पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. बहुतेक जण शर्यतीच्या शेवटच्या चौथ्या हिश्श्यात कोसळले, आणि वाचले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या छातीवर शेजारच्याने ताबडतोब दाब द्यायला सुरुवात केली होती. तेव्हा अँब्युलन्स स्टेजच्या मागे पाहुण्यांच्या गाड्यांत अडकवून ठेवू नका, शेवटच्या पाच किलोमीटरवर पसरा. होमगार्ड, एनएसएसची मुलं, नर्सिंग कॉलेजच्या मुली यांना छातीवरचा हा दाब, म्हणजे सीपीआर, शिकवा. एका दुपारचं काम आहे. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र फिनिशजवळ असू द्या आणि ते चालवता येणारा माणूस त्याच्याजवळ असू द्या. आणि अँब्युलन्सला जायला वाट पाहिजे म्हटल्यावर पुन्हा रस्ताच आला.

पाण्याबद्दल दोनच गोष्टी. दोन-अडीच किलोमीटरला टेबल ठेवा आणि शेवटच्या माणसाचं पाणी आधीच वेगळं काढून ठेवा, कारण तो सगळ्यांत जास्त वेळ उन्हात असतो आणि त्याच्यापर्यंत येता येता सगळं संपलेलं असतं. साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचंही ठेवा. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली जातं, चक्कर येते, आणि तो माणूस तहानेने पडला असं समजून लोक त्याला आणखी पाणी पाजतात.

शेवटच्या माणसाचं नाव निघालंच आहे तर. लहान शहरांच्या शर्यतीत पहिले तीन येईपर्यंत भरपूर गर्दी असते, नंतर बक्षीस समारंभ, मग नाश्त्याला रांग, आणि तीन तासांनी जेव्हा एखादे साठीचे निवृत्त गुरुजी किंवा माझ्यासारखी बाई धापा टाकत येते तेव्हा मांडववाले कमान उतरवत असतात. मला एकदा पदक खोक्यातून स्वतः काढून घ्यायला सांगितलं होतं. कट-ऑफ, म्हणजे शर्यत पुरी करायची मुदत, जाहीर केलेला असेल तर तो होईस्तोवर कमान, घड्याळ आणि दोन माणसं तिथे असली पाहिजेत. त्यातले एक तुम्ही असलात तर त्या दिवशी तुमची जेवढी मतं पक्की होतील तेवढी भाषणाने होणार नाहीत. हे मी गमतीत म्हणत नाही.

कचऱ्याचं तुम्हाला कळतं, नगरपालिका तुमचीच आहे. प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या नको, पेल्यांसाठी टेबलापासून पुढे शंभर पावलांपर्यंत पिंपं ठेवा, कारण आम्ही पीत पीत पुढे जातो आणि मग टाकतो. मार्ग डोंगरातून किंवा तळ्याकाठून असेल तर त्याच दुपारी पोती घेऊन माणसं पाठवा. कासच्या वाटेवर फुलांचा मोसम आणि शर्यत जवळजवळ एकत्रच येतात. त्या वाटेवर एखाद्या एनर्जी जेलचं रिकामं पाकीट पडलेलं दिसलं की आम्हा धावकांचीच मान खाली जाते.

आणि फ्लेक्स. ते राहतीलच, मला ठाऊक आहे. वाढदिवसाचे असतात तसेच तुमचे, आमदारांचे, शुभेच्छुकांचे. एकच विनंती, किलोमीटरच्या पाट्या त्यांच्या मागे झाकून टाकू नका. बारावा किलोमीटर कुठे गेला ते शोधत मी एकदा एका युवा नेत्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत धावले होते.

सत्कार आणि भाषणं आदल्या संध्याकाळी बिब वाटप असतं तेव्हा उरकून घ्या. तिथे माणसं येऊन बसतात, खुर्च्या असतात, चहा असतो, कुणाला कुठे जायची घाई नसते; बाहेरगावचे तर वेळ कसा घालवायचा याच विवंचनेत असतात. प्रमुख पाहुण्यांनाही पहाटे उठायचा त्रास नाही. सकाळी सहाला म्हणजे सहाला झेंडा पाडा, मग तो पाडायला कुणीही असो. नगरपालिकेत वर्षानुवर्षं पहाटे तुमचे रस्ते झाडणाऱ्या एखाद्या बाईंच्या हातात तो द्या ना. सहाला त्या हमखास हजर असतात.

तुमची तारीख ठरली की जाहीर करा, आम्ही येऊ. माझ्या ओळखीतले दहा-बारा जण नक्की येतील, शनिवारी दुपारीच पोहोचतील, तुमच्या गावात जे चांगलं मिळतं ते खातील. मार्गाचा नकाशा मात्र महिनाभर आधी कळू द्या, चढ किती आहे त्याप्रमाणे आम्हाला तयारी करावी लागते, आणि पन्नाशीनंतर ती तयारी जरा लवकर सुरू करावी लागते.

आपली,
मागच्या घोळक्यातली एक धावक